थोडं ऑइल खाते

मराठीत 'खाणे' हे क्रियापद फार उदार आहे. माणूस भात खातो, मार खातो, हवा खातो, बोलणी खातो, भाव खातो आणि टेबलाखालून पैसेही खातो. या प्रत्येक खाण्याबद्दल समाजाचं काही ना काही मत आहे. मार खाणाऱ्याची कीव करतात, पैसे खाणाऱ्याला शिव्या देतात (आणि काम असलं की नमस्कारही करतात). पण एक खाणं असं आहे की ज्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. जुनी गाडी विकणारा बॉनेटवरून मायेने हात फिरवतो, जरा खाकरतो, आणि लग्नाच्या बैठकीत 'मुलगा थोडा तापट आहे' हे वाक्य ज्या सुरात उच्चारतात त्याच सुरात सांगतो, "बाकी गाडी एक नंबर. फक्त थोडं ऑइल खाते."

माझं भांडण या 'थोडं'शी आहे. गाडीशी नाही, ती बिचारी मुकी आहे. विकणाऱ्याशीही फारसं नाही, कारण तो निदान काहीतरी बोलला. भांडण आहे ते या शब्दाशी, आणि तो ऐकून समजल्यासारखी मान डोलावणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांशी. त्यातही माझ्याशी जास्त.

पस्तीस वर्षं मी हिशेबखात्यात काढली. टाचण्यांच्या बिलात चार आण्यांची चूक सापडली म्हणून मी फायली परत पाठवल्या आहेत. 'थोडा खर्च झाला' असं लिहिलेलं व्हाउचर माझ्या टेबलावरून कधी पुढे गेलं नाही. अशा मला, जानेवारी २०२३ मध्ये, कोल्हापुरात एका गाड्यांच्या अड्ड्यावर, भर दुपारी, शुद्धीवर असताना, 'थोडं' हा शब्द तीन लाख साठ हजार रुपयांना विकला गेला.

झालं असं की राजापूरकडे राहणाऱ्या आमच्या भाच्याने पिकअप घ्यायची ठरवली. घरची कलमं आहेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही आंबे असतात. दरवर्षी हंगामात दुसऱ्याच्या टेम्पोला भाडं मोजायचं त्यापेक्षा आपलीच गाडी असावी, हा विचार काही वाईट नव्हता. नवी घेण्याइतके पैसे नव्हते. ताईने हातातल्या दोन पाटल्या बँकेत ठेवून दीड लाख उभे केले, उरलेले पतसंस्थेने दिले. आणि मग ताईचा मला फोन आला : "तू जा रे त्याच्याबरोबर. तो लहान आहे, फसेल. तुला चार गोष्टी कळतात."

मला गाडीतल्या किती गोष्टी कळतात हे इथे सांगून टाकलेलं बरं. आयुष्यात मी एक स्कूटर वापरली. ती बंद पडली की तिरकी करायची आणि मग किका मारायच्या, एवढं माझं यंत्रशास्त्र. पण मामा पुण्यात राहतो म्हणजे त्याला कळत असणार, असा कोकणात एक समज आहे, आणि तो मोडण्याचं धैर्य मला आजवर झालेलं नाही.

आम्ही गाडी पाहिली. २०१४ सालची होती, पण नुकताच रंग दिलेली, सीटला नवं कव्हर, मागे 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. मी चारी टायरांना बुटाच्या टोकाने हळूच लाथा मारल्या. का मारल्या ते विचारू नका, सगळे मारतात. दार दोनदा उघडून लावलं. हॉर्न वाजवला. मग मागे हात बांधून इंजिनाकडे, चित्रप्रदर्शनात नवचित्राकडे बघावं तसं, मान तिरकी करून पाहिलं. इंजिन धुऊन लख्ख केलेलं होतं, आणि हात लावला तर गरम होतं. "आत्ताच तुमच्यासाठी गरम करून ठेवलीया," मालक म्हणाला. मला वाटलं, केवढं अगत्य!

"काका, गाडी म्हणजे सोनं हाय बघा. खोटं कशाला बोलू, फकस्त थोडं ऑइल खाती."

या 'खोटं कशाला बोलू'ने मी विरघळलो. स्वतःहून दोष सांगणारा माणूस प्रामाणिकच असणार! भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी अनुभवी माणसासारखा डोळे मिटून म्हणालो, "जुनी गाडी म्हटल्यावर थोडं खाणारच."

'थोडं म्हणजे किती?' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. पस्तीस वर्षं जे तीन शब्द बोलण्याचा मला पगार मिळत होता, ते तीन शब्द.

पुढचं थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये सत्तर पेट्या भरून भाचा रात्री अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला निघाला. दोन दिवसांपासून वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याला वाटलं, लूज कनेक्शन असेल. घाटाच्या मध्यावर तो दिवा पेटला तो विझेना. गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती, म्हणून त्याने तशीच वर रेटली. मग आतून कुणी हातोडीने ठोकावं तसा आवाज आला आणि गाडी थांबली. पहाटेपर्यंत तो आंब्यांच्या राखणीला घाटात बसून होता. दुसरा टेम्पो मिळून माल बाजारात पोचला तेव्हा सकाळचे सौदे उरकले होते. आंबा काही आपल्यासाठी थांबून पिकत नाही. जो भाव मिळाला तो ताईला सांगताना भाचा म्हणाला, "थोडा कमी मिळाला." घराण्यात शब्द कसे उतरतात बघा.

फिटरने इंजिन उघडलं तेव्हा सहा लिटरच्या इंजिनातून दीड लिटर ऑइल निघालं. बेअरिंगं गेलेली, रिंगा झिजलेल्या. गाडी घेतल्यापासून धावली होती सोळाशे किलोमीटर. हा हिशेब मात्र मला आला : साडेचार लिटर, भागिले सोळाशे. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरला एक लिटर. हे 'थोडं'! एवढं तर आमच्या घरात दिवाळीतसुद्धा लागत नाही, आणि तेव्हा निदान चकल्या तरी होतात. दुरुस्तीला पासष्ट हजार गेले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं ही म्हण ज्याने काढली त्याच्याकडे नक्की जुनी पिकअप असणार.

त्यानंतर मी पेटलो. फिटरच्या पायरीवर बसून बसून मी जे शिकलो ते असं. पिस्टनला रिंगा असतात, साधारण तीन. वरच्या दोघींचं मुख्य काम जळत्या वायूचा दाब खाली निसटू न देणं. खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पुसून परत खाली धाडते. इंजिनाने मिनिटाला दोन हजार फेरे मारले की पिस्टन दोन हजार वेळा वर जातो आणि तितक्याच वेळा खाली येतो. तेवढ्या वेळा ती बाई फरशी पुसते. वर्षानुवर्षं पुसून ती झिजली, किंवा भिंतच झिजली, की ऑइल वर राहतं आणि डिझेलबरोबर जळतं. दुसरी वाट वरून : व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रबरी सीलं असतात, ती कडक झाली की ऑइल झिरपतं. तिसरी टर्बोची : तोही ऑइलवरच फिरतो आणि त्याचं सील गेलं की तोही पितो. सील बदलून भागणारं काम आणि सगळं इंजिन बांधायचं काम यांत हजारोंचा फरक आहे. 'थोडं ऑइल खाते' या एका वाक्यात हे सगळे आजार सुखाने नांदतात. डॉक्टरने 'थोडं बरं नाही' एवढं निदान करून फी मागितली तर आपण देऊ का?

आता या 'थोड्या'चे वकील काय म्हणतात ते पाहू. ते पुष्कळ आहेत आणि प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांची शाखा आहे.

पहिला म्हणतो, "प्रत्येक इंजिन ऑइल खातंच. कंपनीच्या पुस्तकातसुद्धा लिहिलंय." खरं आहे. काही कंपन्या आपल्या पुस्तकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंत चालेल असं लिहितात. पण साहेब, तिथे आकडा लिहिलाय! कंपनीने जी मर्यादा आकड्यात सांगितली तिचा दाखला देऊन तुम्ही आकडा नसलेला शब्द विकता, हे म्हणजे शेजाऱ्याच्या रेशनकार्डावर आपली साखर उचलण्यासारखं आहे.

दुसरा म्हणतो, "त्यात काय? ऑइल काय महाग आहे? टाकत राहायचं." बरं, टाकू. महिन्याला तीन हजार किलोमीटर धंदा, साडेतीनशेला एक लिटर, म्हणजे साडेआठ लिटर. चारशेच्या भावाने चौतीसशे रुपये. वर्षाचे चाळीस हजारांवर. हे गाडीच्या किमतीत धरले होते का? आणि खरा धोका पैशांचा नाहीच. खरा धोका हा की टाकायचं एक दिवस राहून जातं. बहुतेक गाड्यांत पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे एका लिटरचंच अंतर असतं. आणि आपल्याला वाटतं की कमी झालं तर लाल दिवा सांगेल. तो दिवा ऑइल किती आहे हे सांगतच नाही! तो सांगतो की ऑइलचा दाब गेला. चढावर उरलंसुरलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडी हवा येते आणि दिवा लागतो. म्हणजे तो 'जपा' असं म्हणत नसतो, 'कळवण्यास अत्यंत दुःख होते' असं म्हणत असतो.

तिसरा जरा आधुनिक असतो. तो म्हणतो, "आमच्या गाडीत ऑइल कमी होतच नाही, उलट वाढतं." त्याला कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हापासून अनेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ करताना जादा डिझेल सोडतात, आणि त्यातलं काही खाली उतरून ऑइलमध्ये मिसळू शकतं. तेव्हा पट्टीवर पातळी वाढलेली दिसली तर इंजिनाने उपास धरला असं समजू नये. ऑइल पातळ झालं असं समजावं. आणि अशी गाडी ऑइल खात असेल तर ऑइलची राख त्या जाळीत बसते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. शेवटी जाळीच गच्च होते, आणि तिची किंमत ऐकून मालक गच्च होतो.

चौथा वकील सगळ्यांत धूर्त. तो म्हणतो, "एवढं तपासत बसलात तर जुनी गाडी कुणी विकेल का?" म्हणजे चोर म्हणतो, दिवा लावलात तर आम्ही यायचं कसं!

कायद्याकडे जावं तर तिथेही पंचाईत. १९३० चा मालविक्रीचा कायदा मुळात खरेदीदारालाच 'डोळे उघडे ठेव' म्हणतो. धंदेवाल्याकडून घेतलं तर थोडं संरक्षण आहे, पण त्यालाही शेपूट आहे : माल तुम्ही तपासला असेल, तर तपासात जो दोष दिसायला हवा होता त्याची तक्रार चालत नाही. म्हणजे टायरला लाथा मारून मी भाच्याचा हक्क घालवला की काय, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती. गाडी नावावर करायला २९ नंबरचा फॉर्म लागतो, ३० नंबरचा लागतो. त्यात चासी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, बापाचं नाव आहे. ऑइलचा रकाना नाही. इंजिनाचा नंबर काय हे सरकारला हवं, इंजिन कसं आहे हे नको.

तेव्हा रकाना आपणच काढायचा. माझी मागणी एवढीच आहे : 'थोडं' या शब्दावर बंदी, आणि त्या जागी आकडा. हजार किलोमीटरला किती, ते बोला. माहीत नसेल तर 'मोजलेलं नाही' म्हणा. ते निदान खरं असेल.

आणि विकणारा बोलेपर्यंत घेणाऱ्याने हे करावं. न सांगता, सकाळी लवकर जावं. इंजिनाला हात लावून ते थंड आहे ना पाहावं. गरम करून ठेवलेलं असेल तर अगत्याला न भुलता दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं. सपाट जागेवर पट्टी काढून पातळी बघावी. शेजारी जुना डबा दिसला तर तोही बघावा, कारण धूर लपवायला नेहमीच्या १५-डब्ल्यू-४० ऐवजी आणखी जाड ऑइल ओतून ठेवायची एक रीत आहे. (यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. राजापुरात हा शब्द कळायला जरा वेळ लागला.) गाडी चालू करताना मालकाच्या तोंडाकडे नव्हे, सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा हटेना तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल. निळसर आणि जळक्या तेलाचा वास असलेला धूर म्हणजे तेच ते 'थोडं'. सुरू करताना भपकारा येऊन गेला तर संशय सीलांवर. चढावर ओढताना सतत निघत असेल तर संशय रिंगांवर. सायलेन्सरच्या आत बोट फिरवावं : कोरडी काजळी ठीक, चिकट असेल तर नमस्कार करावा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडावं. किंचित वाफ आली तर चालेल. लोहाराच्या भात्यासारखं फुंकू लागलं तर घरी यावं. गाडीखाली वाकून बघावं, कारण गळणं वेगळं आणि खाणं वेगळं. गळणारी गाडी जमिनीवर पावती ठेवते, खाणारी ठेवत नाही. या बाबतीत गाड्या आणि माणसं सारखीच. शंका असेल तर फिटरकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. आणि शेवटी किमतीतले वीस-पंचवीस हजार पंधरा दिवस अडकवून ठेवायची चिठ्ठी करावी : वरच्या खुणेपर्यंत ऑइल, किलोमीटरचा आकडा, दोघांच्या सह्या. जो विकणारा 'थोडं' म्हणतो तो याला तयार झाला, तर ते खरोखरच थोडं आहे.

इतकं तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण गेल्या वर्षी भाच्यानेच गाडी विकायला काढली. इंजिनाचं निम्मंशिम्मं काम झालं होतं, बोअर तोच होता. माझ्या धाकाने तो दर रविवारी पट्टी काढून एका वहीत लिहीत असे. दोन हंगामांची वही सांगत होती : आठशे किलोमीटरला एक लिटर.

पहिलं गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री भाच्याने विचारलं, "मामा, तू सांग, काय सांगायचं?"

मी खरं सांगतो. माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द आला. ताईच्या पाटल्या अजून बँकेत होत्या. आठशेला एक म्हणजे तसं थोडंच की! पुस्तकातसुद्धा लिहिलंय! चारही वकील माझ्याच घशात कोट घालून उभे होते.

"आठशेला एक लिटर," मी म्हणालो. "तेवढंच सांगायचं."

पहिल्या गिऱ्हाइकाने आकडा ऐकला आणि संशयाने आमच्याकडे पाहिलं. "एवढं मोजून सांगताय, म्हणजे आणखी काहीतरी मोठं असणार," म्हणून तो गेला. दुसरा म्हणाला, "शेजारच्या गावात एक आहे, ती फक्त थोडं खाते," आणि ती घ्यायला गेला. तिसरा वीटभट्टीवाला होता. काहीच बोलला नाही. वही मागितली, ओट्यावर बसून बोट फिरवत पानं वाचली, पंधरा हजार कमी सांगितले आणि पैसे मोजले.

मग जाता जाता म्हणाला, "ही वही पण द्या. गाडीबरोबर असूदे."

ताईची एक पाटली सुटली आहे. दुसरी कधी सुटेल, असं परवा तिने विचारलं. मी 'थोडे दिवस' म्हणणार होतो. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी निमूटपणे कागद-पेन्सिल घेतली.